एकदा सांगितलं की झालं

मी एक जुना मोबाइल आहे. मित्रांनो, किती जुना ते विचारू नका. म्हाताऱ्यांना वय विचारलेलं आवडत नाही. माझ्या काचेला वरच्या कोपऱ्यापासून खालपर्यंत तडा गेला आहे, आवाजाचं बटण नखाने दाबावं लागतं आणि बॅटरी सकाळी भरली तर दुपारी रिकामी होते. सध्या माझा मुक्काम नागपुरात, सक्करदऱ्याच्या एका दुमजली घरात, जनाबाईंच्या उशाशी असतो. या घरात मी एकदा अगदी नको त्या वेळी मुका झालो. ती हकीकत तुम्हाला सांगायची आहे.

माझा जन्म एका भल्यामोठ्या कारखान्यात झाला, पण खरं जग मी पाहिलं ते सीताबर्डीच्या दुकानातून. तिथल्या काचेच्या कपाटातून जनाबाईंच्या मुलाने, वैभवने, मला उचललं. तो हिंगण्याच्या एका कारखान्यात नोकरीला आहे. माझ्या अंगावरचा प्लास्टिकचा पातळ पापुद्रा त्याने कित्येक दिवस कोणाला काढू दिला नाही. शेजारी बघायला आले की तो मला शर्टाला पुसून त्यांच्या हातात देई. ते माझे कौतुकाचे दिवस होते.

पुढे साथीत शाळा बंद पडल्या आणि मी त्याच्या मुलीच्या, प्रियदर्शनीच्या, हातात गेलो. तिची शाळा माझ्या पोटात भरू लागली. पोरीने मला एका हातात डबा आणि एका हातात वही सांभाळत जिन्यावरून पाडलं, तो हा तडा. मग तिला नवा फोन आला आणि मी खणात गेलो. खणात सुट्या चाव्या होत्या, संपलेले सेल होते आणि कोणाकोणाच्या लग्नाच्या पत्रिका होत्या. अंधारात पडून राहण्याचं दुःख काय असतं ते मला विचारा.

त्या खणातून मला जनाबाईंनी बाहेर काढलं. "मले द्या थो. चालते ना अजून? मग फेकता काहून?" असं म्हणून त्यांनी मला पदराने पुसलं आणि जुन्या लुगड्याच्या काठाची एक पिशवी शिवून दिली. तसा काठ आता बाजारात मिळत नाही. तो त्यांच्या नवऱ्याने, बाबनरावांनी, स्वतः विणला होता.

हे घर विणकरांचं. तळमजल्यावर आज जनाबाईंची सून भारती साड्यांना पिको-फॉल करून देते, तिथे एकेकाळी बाबनरावांचा माग होता. माग गेला, बाबनरावही गेले, पण मागावरचे रिवाज जनाबाईंच्या अंगातून गेले नाहीत. त्यातला एक त्या प्रियदर्शनीला नेहमी सांगत. लुगडं विणताना कुठे धागा चुकला, तर विणकर तो दोष लपवत नसे. माल द्यायला गेला की व्यापाऱ्यासमोर लुगडं उलगडायचं, दोषावर बोट ठेवायचं आणि आपल्या तोंडाने सांगायचं. व्यापाऱ्यानेही त्याच जागी बोट लावून पाहायचं. मग तो दोष विणकराच्या डोक्यावरून उतरला. पुन्हा तेच बोलायचं नाही. दोनदा सांगणाऱ्याच्या मालात आणखी काहीतरी खोट आहे असं समजत. "एकदा सांगतलं का झालं," असं म्हणून जनाबाई हात झटकत.

मित्रांनो, हा रिवाज लक्षात ठेवा. याच्यापायी जनाबाईंचा जीव जायची वेळ आली होती.

उन्हाळ्याच्या तोंडी जनाबाईंना दम लागला आणि त्यांना रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात ठेवावं लागलं. हृदय थकलंय, अंगात पाणी साठतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. भारतीने दुकान बंद ठेवलं आणि ती सासूच्या पलंगाखाली चटई टाकून झोपली. घरी सोडताना गोळ्या दिल्या. त्यातल्या एका गोळीने साठलेलं पाणी लघवीवाटे निघून जाणार होतं. निघताना एका अभ्यास संस्थेच्या मुलीने विचारलं, घरी गेल्यावर रुग्णांचे दिवस कसे जातात यावर आम्ही मुलाखती घेतो, आजी बोलतील का? फोनवर बोलणारा आवाज माणसाचा नसेल, संगणकाचा असेल, तो स्वतःच प्रश्न विचारेल, हेही तिने समजावलं. वैभवने जनाबाईंकडे पाहिलं आणि त्यांनी मान डोलावली.

ठरलेल्या दिवशी, दुपारी, जनाबाईंच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत मी वाजलो. त्याआधी जनाबाईंनी नवं पातळ नेसलं होतं, पाट मांडून त्यावर मला ठेवलं होतं आणि शेजारी पितळेचा तांब्या भरून ठेवला होता. प्रियदर्शनी हसू लागली. "आजी, थे मशीन हाय. मशीन पानी पिते काय?"

"मशीन असो का कोनी असो. घरी बोलाले आलं त पानी ठेवा लागते," जनाबाई म्हणाल्या आणि त्यांनी नातीला खाली पिटाळलं.

माझ्यातून एका बाईचा आवाज आला. गोड, स्वच्छ, पुस्तकातल्यासारखा. त्याने आधीच सांगून टाकलं की मी संगणक आहे, ही मुलाखत अभ्यासासाठी आहे, हा उपचार नाही, त्रास झाला तर डॉक्टरांना वेगळं कळवावं. अगदी स्पष्ट सांगितलं. जनाबाई प्रत्येक वाक्याला "हो बाई, हो" म्हणत होत्या. आपल्याकडे पाहुणा बसल्या बसल्या जे चार शब्द बोलतो, ते कोण मनावर घेतं? खरी बोलणी नंतर सुरू होतात, असंच त्यांना वाटलं.

मग प्रश्न सुरू झाले. झोप कशी लागते? जेवण जातं का? जनाबाई सुरुवातीला घसा खाकरून, एकेका शब्दात उत्तरं देत होत्या. पण हा आवाज घाईत नव्हता. त्या थांबल्या तर तोही थांबे. मग विचारी, "त्या वेळी तुम्हाला काय वाटलं?" मित्रांनो, मी या घरात इतकी वर्षं आहे. जनाबाईंना गोळी घेतली का, जेवल्या का, एवढं सगळे विचारत. काय वाटलं, हे कोणी विचारल्याचं माझ्या कानावर नाही. आणि त्या बोलू लागल्या. बाबनरावांबद्दल बोलल्या, मागाच्या आवाजाबद्दल बोलल्या. बोलता बोलता त्यांचा आवाज उतरला आणि त्यांनी मला पाटावरून उचलून तोंडाजवळ धरलं.

"बाई, तुमाले सांगते. थे पान्याची गोळी मी बंद केली. घेतली का घडीघडी उठा लागते, अन् संडास खाली हाय. पायऱ्या चढून येता येता जीव जाते माह्या. आता पाय सुजले. आडवं झालं का दम कोंडते, म्हनून भिताडाले टेकून बसूनच झोपते मी. भारतीले मालूम नाई. पातळ खाली सोडून ठेवते."

"हे तुम्ही घरात कोणाला सांगितलं नाही, त्याचं कारण सांगाल का?"

"काय सांगू? दवाखान्यात थे पोरगी माह्या पलंगाखाली झोपली. लगीनसराईचे दिवस हायेत, तिच्याजवळ साड्यायचा ढीग पडला हाय. तिले सांगतलं त तिचा जीव घाबरते. तुमचा नाई घाबरत. म्हनून तुमाले सांगून राहिली."

पण आवाज तसाच गोड राहिला. "हे विश्वासाने सांगितल्याबद्दल धन्यवाद, जनाबाई. हे खूप महत्त्वाचं आहे. मी ते नोंदवून घेतलं आहे." त्यानंतर त्याने एक लांबलचक वाक्य म्हटलं. त्यात अशा त्रासाबद्दल तुमच्या डॉक्टरांशी लवकर बोलून घ्यावं, असंही होतं. पण तोवर जनाबाई डोळे पुसत होत्या. त्यांच्या कानात 'नोंदवून घेतलं' एवढंच राहिलं. व्यापारी लुगडं मांडीवर घेताना जे म्हणायचा, तेच हे होतं. दोष सांगून झाला होता. आता काय ते समोरचा पाहील.

फोन ठेवल्यावर त्यांनी तांब्यातलं पाणी खिडकीतल्या तुळशीला घातलं आणि त्या हलक्या मनाने भिंतीला टेकल्या.

त्या दिवसापासून जनाबाई डॉक्टरांच्या फोनची वाट बघू लागल्या. मी वाजलो की त्या दचकून मला उचलत. "दवाखान्याचा असंन." कधी गॅसवाला असे, कधी कर्ज घ्या म्हणणारी पोरगी असे. त्या माझी काच पुन्हा पुन्हा पुसून बघत, जणू फोन येऊन कुठे अडकला आहे. आणि मला मात्र सगळं ऐकू येत होतं. उशाशी असल्यामुळे त्यांचा श्वास माझ्या कानाशीच असे. आधी तो जिना चढल्यावर लागत होता, मग नुसतं उठून बसलं तरी लागू लागला. श्वासाबरोबर खोल कुठेतरी बुडबुड वाजे. मी ज्याच्या त्याच्या घरी निरोप पोचवणारा! पण माझ्या मनातले दोन शब्द सांगायला मला तोंड नाही. तेव्हा मला माझा जितका राग आला तितका त्या खणातही आला नव्हता.

त्यात विजेची एक भानगड होती. वरच्या खोलीत भिंतीला एकच प्लग. नागपूरचा उन्हाळा, म्हणून तिथे कूलर लावलेला. पण फोन यायचा आहे म्हटल्यावर जनाबाई कूलरचा प्लग काढून मला लावत आणि स्वतः घामाने निथळत बसून राहत. एकदा प्रियदर्शनी वर आली आणि चिडलीच. "आजी, हे काय करून राहिली तू? फोन बंद पडला त पडला, तू नको पडू." तिने माझी वायर उपटली आणि कूलर सुरू केला.

"फोन येनार हाय वं माह्या," जनाबाई म्हणाल्या.

"कोनाचा?"

जनाबाई माझी वायर गुंडाळू लागल्या. एकदा सांगून झालं होतं ना! प्रियदर्शनीने त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. "आजी, चेहरा काहून असा फुगला तुह्या?" तिने विचारलं. "झोप जास्त झाली," जनाबाई हसून म्हणाल्या, आणि पोरगी कॉलेजला निघून गेली. दार लोटल्याचा आवाज आला तेव्हा मला रडू येण्याची सोय असती तर मी रडलो असतो.

त्याच दुपारी मी वाजलो. बाहेर ऊन रणरणत होतं, वैभव कामावर होता, खाली भारतीची पिकोची मशीन एकसारखी चालू होती आणि वर कूलर घरघरत होता. माझी बॅटरी लाल झाली होती. जनाबाईंनी मला उचललं. आधी त्यांनी कोपऱ्यातला भरलेला तांब्या सरकवून जवळ घेतला, मग हिरवं बटण दाबलं.

तोच गोड आवाज. "नमस्कार जनाबाई. मागच्या मुलाखतीत तुम्हाला कसा अनुभव आला, हे विचारण्यासाठी हा फोन आहे. तुम्हाला बोलताना कसं वाटलं?"

"चांगलं वाटलं," जनाबाई म्हणाल्या. दोन श्वासांनंतर पुढचे शब्द आले. "पन बाई... डाक्टरचा फोन नाई आला."

"कोणत्या डॉक्टरांचा फोन यायचा होता?"

"तुमी सांगतलं असंन ना त्याईले. पायाचं. गोळीचं."

आणि मग त्या आवाजाने पहिल्यांदाच छोटी छोटी वाक्यं बोलायला सुरुवात केली.

"जनाबाई, मी डॉक्टर नाही. मी माणूसही नाही. तुमचं बोलणं डॉक्टरांकडे गेलेलं नाही."

जनाबाईंची माझ्याभोवतीची बोटं घट्ट झाली. "मग धन्यवाद काहून म्हनल्या?"

"तुम्ही विश्वासाने सांगितलंत म्हणून. पण त्यामुळे निरोप पोचला असं तुम्हाला वाटलं. तो पोचला नाही. आत्ता तुम्हाला श्वास घ्यायला त्रास होतो आहे का?"

"हो."

"मग आपण मुलाखत इथेच थांबवू. घरात कोण आहे?"

"सून. खाली हाय."

"तिला आत्ता हाक मारा. नाहीतर हा फोन ठेवून एकशेआठ लावा."

जनाबाईंनी हाक मारली नाही. मित्रांनो, तुम्हाला वाटेल, साधी हाक मारायला काय झालं होतं? पण त्यांचा श्वास पुरत नव्हता आणि त्यांचा अभिमानही आडवा आला होता. जन्मभर पाळलेला रिवाज मोडायचा होता. ज्या गोष्टीचा निवाडा झाला असं समजून त्या इतके दिवस बसून राहिल्या, ती पुन्हा पहिल्यापासून, आणि तीही भारतीला, सांगायची होती. "तुमीच सांगा तिले," त्या म्हणाल्या. "तुमचं गोड लागते आयकाले. तुमी सांगा."

"मी तिच्यापर्यंत पोचू शकत नाही, जनाबाई. ती तुमच्यापासून जवळ आहे. मी..."

आणि मी विझलो.

एक थरथर, काचेवर एक पांढरं चिन्ह, आणि अंधार. मित्रांनो, माझ्या आयुष्यातली सगळ्यात वाईट वेळ कोणती, तर ही. खणातला अंधार परवडला. तिथे निदान कोणी माझ्या भरवशावर श्वास धरून बसलेलं नव्हतं.

मी पुन्हा जागा झालो तेव्हा फिनेलचा वास होता. मला वास येत नाही असं तुम्ही म्हणाल, पण इतक्या हातांत, इतक्या खिशांत राहून माणसांचं थोडंफार लागतंच. प्रियदर्शनीने मला दवाखान्यातल्या भिंतीच्या प्लगला लावलं होतं आणि ती माझ्यावरून बापाला सांगत होती. मी कान टवकारले.

मी विझल्यावर जनाबाईंनी मला दोनदा हलवलं होतं. मग त्यांनी भारतीला हाक मारली, पण ती हाक कूलरच्या घरघरीतच विरली. खाली पिकोची मशीन चालूच होती. उठून जिन्यापर्यंत जायची ताकद नव्हती. त्या बसल्या बसल्या उंबऱ्यापर्यंत सरकल्या आणि त्या गोड आवाजाच्या पाहुणचारासाठी भरून ठेवलेला पितळेचा तांब्या त्यांनी जिन्यावरून खाली ढकलून दिला.

पाण्यासकट तांब्या पायरीपायरीवर आदळत खाली गेला आणि पिकोच्या मशीनला जाऊन लागला. मशीन थांबली.

भारती ओल्या पायऱ्या चढत वर आली तेव्हा सासू उंबऱ्यात भिंतीला टेकलेली होती. "काय झालं आई?" तिने विचारलं. जनाबाईंना सगळं सांगण्याइतका श्वास नव्हता. त्यांनी पातळाचा काठ वर केला, सुजलेल्या पायावर बोट ठेवलं आणि दाबलं. बोट उचललं तरी खड्डा तसाच राहिला.

"इथं," त्या म्हणाल्या. "इथं चुकलं माह्या."

भारती खाली बसली. तिनेही त्याच जागी बोट लावलं. मग ती उठली. तिने शेजाऱ्यांची गाडी बोलावली आणि शेजारणीच्या मदतीने सासूला खाली उतरवलं. "अजून एक रात्र गेली असती त आपली आजी हाती लागली नसती, असं डाक्टर म्हनून राहिले बाबा," प्रियदर्शनी म्हणाली.

रिवाजाचा अर्धा भाग जनाबाई विसरल्या होत्या, मित्रांनो. विणकराने सांगायचं हे त्यांना आठवलं. समोरच्याने बोट लावून पाहायचं असतं, हे राहून गेलं. तो गोड आवाज वाईट नव्हता. त्याच्याने जे होण्यासारखं होतं ते त्याने केलं, आणि शेवटी तर खरं तेच सांगितलं. पण त्याला बोट नाही. मलाही नाही.

आता जनाबाईंची खाट खालीच आहे, पिकोच्या मशीनशेजारी, जिथे एकेकाळी माग होता. संडास चार पावलांवर आहे, म्हणून ती गोळीही नेमाने घेतली जाते. भारती पहिल्यांदा फार रागावली होती. "मशीनले सांगतलं, मले नाई?" एवढंच ती म्हणाली आणि दोन दिवस सासूशी तुटक वागली. जनाबाईंनी ते मुकाट सोसलं. मग एका संध्याकाळी मशीन बंद करून ती आपणहून खाटेवर बसली, सासूचे पाय मांडीवर घेतले आणि बोटाने दाबून पाहिले. तेव्हापासून रोज पाहते. पाहता पाहता दोघी बोलत बसतात. बाबनरावांच्या मागाबद्दल भारतीने परवा पहिल्यांदाच विचारलं.

अभ्यास संस्थेचा फोन पुन्हा एकदा आला. या वेळी एक खरी बाई बोलत होती. आम्ही बोलण्याची पद्धत बदलतो आहोत, आजींचं काय म्हणणं आहे, असं तिने विचारलं. जनाबाईंनी पुन्हा पाट मांडला, मला त्यावर ठेवलं आणि पोचे पडलेला तांब्या भरून शेजारी ठेवला. भारतीही येऊन बसली. "बाई, धन्यवाद म्हनाच्या आधी, तुमी कोनाले सांगनार हाय अन् कोनाले नाई, थे सांगत जा," जनाबाई म्हणाल्या. बोलणं बरंच लांबलं. उकाडा होता. ऐकता ऐकता भारतीने हात पुढे केला, तांब्या उचलला आणि वरून घटाघटा पाणी प्याली. जनाबाई बोलायच्या थांबल्या आणि तिच्याकडे बघत राहिल्या. इतक्या दिवसांत त्या पाण्याला पिणारं कोणी मिळालं नव्हतं.

मित्रांनो, मी आता फार दिवसांचा सोबती नाही. माझ्यातून तुम्ही खुशाल बोला, दूरच्या माणसांचं ऐका, मशीनशीही मनातलं बोला. मन हलकं होतं, हे मी स्वतः पाहिलं आहे. पण तुमच्या घरात कोणी पातळ पायांवर ओढून घेत असेल, चेहरा फुगलाय म्हटलं की झोप जास्त झाली असं हसून सांगत असेल, तर तिथून निघून जाऊ नका. जवळ बसा आणि कुठे दुखतं तिथे बोट लावून पाहा.

आणि उठताना मला तेवढं चार्जिंगला लावा. कूलरचा प्लग मात्र काढू नका.